एआयबीई, अधू उजवा हात आणि ३५ टक्क्यांचा दाखला : लेखनिक मागू की नुसता वेळ?

डावखुरी_नवी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरची. एलएलबी झालं, सनद आली, जिल्हा न्यायालयात एका मॅडमकडे ज्युनिअर म्हणून बसायलाही लागले. आता उरली बार कौन्सिलची परीक्षा, एआयबीई. सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत ती पास व्हायची, नाहीतर पुढे वकिली करता येत नाही.

माझा प्रश्न अभ्यासाचा नाही. कॉलेजात असताना विजापूर रोडवर गाडीवरून पडले. हाड जुळलं, पण खांद्यातून हातात जाणाऱ्या नसांना मार बसला तो बसलाच. बोटं हलतात, पेन धरता येतं, पण जरा वेळ लिहिलं की पकड सुटते आणि खांद्यापासून कळ निघते. सही आता डाव्या हाताने करते. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, पांढरं. दाखल्यावर ३५ टक्के कायमस्वरूपी.

विद्यापीठाच्या पेपरांना लेखनिक मिळाला होता, त्यामुळे तिथं निभावलं. या परीक्षेच्या अर्जात मात्र दिव्यांग आहात का हे विचारून दाखला जोडायला सांगतात, आणि मी जिथे जिथे चौकशी केली तिथे एकच उत्तर मिळालं : "चाळीसच्या खाली आहे ना, मग काही मिळत नाही."

तर विचारायचं असं की (१) हे खरं आहे का? (२) लेखनिक मागावा की फक्त जादा वेळ? (३) दाखल्याशिवाय आणखी कोणता कागद लागतो? सेंटर पुणे देणार आहे.

घरी बाबांचं म्हणणं, वकील होणार आहेस, आत्तापासून कशाला कागदोपत्री अधू म्हणून नोंद करून घेतेस. त्यावरही मत असेल तर सांगा.

---

पार्कचौक

ताई, राग मानू नका, पण मी ही परीक्षा दिलीय म्हणून सांगतो. १०० प्रश्न, मी दिली तेव्हा साडेतीन तास, सगळे पर्यायी. गोल काळे करायचे. निगेटिव्ह मार्किंग नाही. वर बेअर ॲक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर असलेली पुस्तकं) आत न्यायला परवानगी. पास व्हायला ४५ टक्के. यात लिहायचं काय असतं? निबंध थोडाच आहे? डाव्या हाताने शंभर गोल होतील की आरामात. उगाच कागदपत्रांच्या मागे धावून अभ्यासाचा वेळ घालवू नका, असं माझं मत.

---

डावखुरी_नवी

@पार्कचौक, राग नाही. मलाही सुरुवातीला असंच वाटत होतं, म्हणून घरी घड्याळ लावून जुना पेपर सोडवून पाहिला. गोल काळे करणं हा खरं तर त्यातला सोपा भाग निघाला. डाव्या हाताने हळू होतं, कधी शाई कडेच्या गोलात जाते, पण होतं.

घोडं अडलं ते पुस्तकांपाशी. तुम्ही म्हणता बेअर ॲक्ट नेता येतात. नेता येतात, पण उघडणार कोण? भारतीय नागरी सुरक्षा संहितेचीच ५३१ कलमं. न्याय संहिता ३५८, साक्ष अधिनियम १७०, शिवाय दिवाणी प्रक्रिया संहिता, संविधान, करार कायदा. नवीन पुस्तक बाकावर ठेवलं की मिटतं. डाव्या हाताने दाबून धरलं तर पान उलटायला हात उरत नाही. उजव्या कोपराने दाबलं की खांदा बोंबलतो. ज्याचे दोन्ही हात चालतात तो कलम शोधून, उत्तर ठरवून, गोल काळा करून पुढे जातो तेवढ्यात मी अनुक्रमणिकेतच असते. म्हणजे पुस्तक नेण्याची मुभा सगळ्यांना आहे, मला ती कागदावरच आहे.

आणि कॉलेजातल्या पेपरला पुस्तक नव्हतंच, त्यामुळे ही अडचण तेव्हा कळली नाही.

---

जुनी_सनद

डावखुरी, तुझी शेवटची पोस्ट हीच तुझ्या अर्जाची खरी सुरुवात आहे. ती जपून ठेव. मी सोलापूर कोर्टात बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून एकेरीत बोलतोय, चालवून घे.

आधी "चाळीसच्या खाली काही नाही" याचा निकाल लावू.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दोन वेगळ्या व्याख्या आहेत. कलम २(एस) म्हणजे दिव्यांग व्यक्ती : दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनात्मक कमतरता, जी समोरच्या अडथळ्यांमुळे बरोबरीने सहभागी होऊ देत नाही. त्यात टक्केवारी कुठेच नाही. कलम २(आर) म्हणजे किमान ४० टक्क्यांची व्याख्या. ती लागते नोकरीतलं आरक्षण आणि काही ठरावीक लाभांना. लोक दुसरी व्याख्या पहिलीच्या जागी वाचतात आणि खिडकीतून उमेदवाराला परत पाठवतात.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा थेट निकाल आहे. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी, ११ फेब्रुवारी २०२१. उमेदवार एमबीबीएस झालेला, त्याला लिहिताना हात आखडण्याचा विकार. चाळीस टक्क्यांच्या चौकटीत बसत नाही म्हणून नागरी सेवा परीक्षेला लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं की लेखनिकाची सोय ४० टक्क्यांवाल्यांपुरती बांधून ठेवता येणार नाही. ज्याला दिव्यांगतेमुळे लिहिण्यात अडचण आहे त्याला ती मिळाली पाहिजे. केंद्राला नियमावली करायला लावली. ती आली १० ऑगस्ट २०२२ ला, खास ४० टक्क्यांच्या खालच्या, लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी. त्याआधीची २९ ऑगस्ट २०१८ ची नियमावली ४० आणि वरच्यांसाठी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने या दोन्हींच्या जागी एकच नवी नियमावली आणली. तू दारात उभी राहून २०१८ चा कागद दाखवलास तर ते तुला परत पाठवतील, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच असेल. तुझा कागद आता २०२५ चा.

पुढे ३ फेब्रुवारी २०२५ ला गुलशन कुमार विरुद्ध आयबीपीएस (बँक भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था) मध्ये न्यायालयाने हेच परत बजावलं, कारण परीक्षा घेणाऱ्या संस्था अजून जुन्याच चौकटीत अडकल्या होत्या. तक्रारीसाठी पोर्टल करा, दाखल्याची मुदत वाढवा, असंही त्यात आहे.

पासिंगच्या सवलतीबद्दल एक. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना ४० टक्के आहे, बाकीच्यांना ४५. ती सवलत वेगळी गोष्ट आणि परीक्षा देण्याची सोय वेगळी गोष्ट. तू ४५ धरूनच अभ्यास कर आणि सोय मात्र पूर्ण माग. दोन्ही एकत्र मागायला गेलीस की चर्चा पुन्हा टक्क्यांवर येते.

बाबांना सांग, सनदेवर कुठेही लिहून येत नाही की ही परीक्षा लेखनिक घेऊन दिली.

---

फिजिओ_आसरा

वैद्यकीय बाजूबद्दल थोडं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आसरा चौकाजवळ काम करते.

पहिलं म्हणजे टक्केवारी काय मोजते ते समजून घ्या. सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद, संवेदना, हातांचा मेळ यांचं ते गणित असतं. तुम्ही मिनिटाला किती ओळी लिहिता, किती वेळाने पकड सुटते, हे त्यात येत नाही. म्हणून ३५ टक्क्यांचा माणूस लिहिण्यात पूर्ण अडकलेला असू शकतो आणि ५० टक्क्यांचा (समजा एका पायाची दिव्यांगता) आरामात लिहितो. यूडीआयडी कार्डाचा रंगही तेवढंच सांगतो : पांढरं ४० च्या खाली, पिवळं ४० पासून ८० च्या आत, निळं ८० आणि वर.

तर तुम्हाला लागणारा कागद म्हणजे केंद्राच्या नियमावलीसोबत जोडलेल्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र, लिहिण्यात अडचण आहे आणि लेखनिक आवश्यक आहे असं सांगणारं. २०२२ च्या नमुन्यात ते एका डॉक्टरच्या सहीचं चालत नव्हतं. मुख्य वैद्यकीय अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक अध्यक्ष, सोबत अस्थिरोग किंवा पुनर्वसन तज्ज्ञ, उपलब्ध असेल तर न्यूरॉलॉजिस्ट, मानसशास्त्र किंवा विशेष शिक्षणातली व्यक्ती, ऑक्युपेशनल थेरपिस्ट असं मंडळ असायचं; नव्या नमुन्यात कोणाच्या सह्या लागतात ते बघून घ्या. नमुना स्वतः छापून न्या. पुष्कळ ठिकाणी समोरच्याने तो आधी पाहिलेलाच नसतो, आणि मग नेहमीचाच दिव्यांग दाखला परत हातात मिळतो.

मंडळासमोर जाताना नुसता एक्स-रे नेऊ नका. नसांची तपासणी (एनसीव्ही, ईएमजी) झाली असेल तर तो रिपोर्ट न्या, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून कामाचा अहवाल करून घ्या. त्यात साधी मोजमापं हवीत : उजव्या हाताने सलग किती वेळ लिहिता येतं, कळ केव्हा सुरू होते, डाव्या हाताने वेग किती, पुस्तक उघडं धरून पान उलटता येतं का. तुम्ही वर लिहिलंय तेच, फक्त तज्ज्ञाच्या लेटरहेडवर.

तारखेचं भान ठेवा. या प्रमाणपत्राची मुदत २०२२ च्या नमुन्यातच जास्तीत जास्त सहा महिने लिहिलेली होती. वर वकीलसाहेबांनी सांगितलेल्या २०२५ च्या निकालात ती वाढवायला सांगितलंय, पण तुमच्या हातातल्या कागदावर जी तारीख असेल ती केंद्रावरचा माणूस वाचणार. एआयबीईच्या तारखा पुढे सरकतात. १९ वी परीक्षा आधी २४ नोव्हेंबर २०२४ ला होती, ती सरकत सरकत २२ डिसेंबरला झाली. फार आधी प्रमाणपत्र काढलंत तर परीक्षेच्या दिवशी ते शिळं झालेलं असेल.

आणि लेखनिक की वेळ, यावर माझं मत : दोन्ही. नुसता वेळ घेतलात तर तेवढा जास्त वेळ तुम्ही त्याच दुखऱ्या खांद्यावर बसणार. मज्जातंतूंच्या दुखण्यात जादा वेळ हा कधी कधी जादा त्रास असतो, हे परीक्षा घेणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही.

---

शेंगाचटणी

मी लेखनिक म्हणून बसलोय बऱ्याच पोरांना. बँकेच्या, एमपीएससीच्या, एक-दोघांना विद्यापीठाच्या. त्यामुळं टेबलाच्या त्या बाजूनं सांगतो.

ताई, लेखनिक कोण याच्यावर निम्मा पेपर हाय. शेजारचा पोरगा हुशार हाय म्हणून घेऊ नका. माझं पहिलंच काम, कानानं ऐकून लिहायचं. तुमच्या विषयात "बीएनएस" (न्याय संहिता) आणि "बीएनएसएस" (नागरी सुरक्षा संहिता) असं पटापट बोललात तर पोरगं कोणतं पुस्तक उचलणार? बाहेर गाड्यांचा आवाज, पंखा खडखडतोय. आधीच ठरवून घ्या : एक लाल कव्हर, एक निळं कव्हर. "लाल, कलम एकशे तीन" म्हणायचं. कव्हर घातलेलं चालतं का ते आधी विचारून घ्या मात्र, आत पेन्सिलचं टिपण तर अजिबात नको.

दुसरं, ओएमआर, म्हणजे गोल काळे करायची उत्तरपत्रिका. रोल नंबर आणि संच कोड लेखनिकानं भरला तरी एकेक आकडा तुम्ही बोट ठेवून तपासा. तिथं चूक झाली की शंभरच्या शंभर गेले. प्रश्नाचा क्रमांक आणि उत्तराचा पर्याय दोन्ही मोठ्यानं बोलायचं, लेखनिकानं ते परत म्हणायचं, मग गोल काळा करायचा. हे घरी चार पेपर केल्याशिवाय जमत नाही. मी एकाला बसलो होतो, आमची ओळखच परीक्षेच्या दारात झाली. तो कन्नड माध्यमाचा, मी मराठी. पहिला पाऊण तास एकमेकांना समजून घेण्यातच गेला बघा.

तिसरं, मराठी पेपर घेणार असाल तर लेखनिकाला मराठी जोडाक्षरं घडाघडा वाचता येतात का बघा. आमच्या पूर्व भागातली पोरं बोलायला मराठी झकास, पण घरात तेलुगू आणि शाळा इंग्रजी. कायद्याचं मराठी वाचताना त्यांची गाडी घाटात. (मीच तो, म्हणून सांगलालो.)

---

कळफलक

मला दिसत नाही. मी कायद्याचा पदवीधर आहे आणि हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतोय.

एक माहिती. २०२४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अंध उमेदवारांना एआयबीईत संगणकावर जॉज हा स्क्रीन रीडर आणि बेअर ॲक्टच्या सॉफ्ट कॉपी वापरू द्यायला सांगितलं. हे इथे का सांगतोय, तर सोय म्हणजे लेखनिकच असं समीकरण सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. आम्ही कित्येक वर्षं लेखनिकावर काढली. आपल्या डोक्यातलं उत्तर दुसऱ्याच्या हातातून उतरवायचं, आणि तो काय करतोय ते आपल्याला दिसत नाही. मला माझा कळफलक द्या, बाकी मी बघतो.

डावखुरीताई, तुमच्या बाबतीतही विचारून पाहा. तुमची मुख्य अडचण पान उलटण्याची असेल तर पुस्तकाची सॉफ्ट कॉपी आणि डाव्या हातात माउस हा उपाय लेखनिकापेक्षा तुम्हाला कदाचित जास्त मोकळा पडेल. मिळेलच असं नाही. पण कायद्यातली वाजवी सोय म्हणजे, कलम २(वाय), समोरच्यावर अवाजवी भार न टाकता केलेला योग्य आणि आवश्यक तो बदल. काय योग्य आणि आवश्यक आहे हे आधी तुम्हीच सांगायचं असतं.

---

पार्कचौक

पुस्तकाचं मला सुचलं नव्हतं, मान्य. पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी. २०२४ साली त्या प्रशिक्षणार्थी आयएएसच्या दाखल्यावरून देशभर काय झालं ते विसरलात का? खोट्या दाखल्यांनी खऱ्यांची जागा जाते. ४० टक्के ही निदान एक रेघ आहे. ती काढली तर "माझा हात दुखतो" म्हणून कोणीही उठेल. आणि लेखनिकाच्या नावाखाली हुशार माणूस बसवणारेही आम्ही पाहिलेत.

---

जुनी_सनद

पार्कचौक, शंका रास्त आहे. पण ती रेघ तिथे काही काम करत नाही. ज्याला खोटा दाखला काढायचाय तो ३५ चा कशाला काढेल, ४५ चाच काढेल, कारण आरक्षण तिथे आहे. ३५ वाल्याला आरक्षण नाही, जागा नाही, फक्त पेपर नीट देता येतो. उलट २०२२ च्या नियमावलीत चाळीसच्या खालच्याला तज्ज्ञांच्या मंडळापुढे जावं लागत होतं. म्हणजे तपासणी तिथे जास्त कडक होती.

लेखनिकाच्या गैरवापरासाठीही अट आहेच : स्वतःचा लेखनिक आणला तर त्याची पात्रता उमेदवारापेक्षा खालची हवी. आणि ही तर पात्रता परीक्षा आहे. कोणाची जागा कोणी घेत नाही. पास होणारे सगळे पास होतात.

---

पार्कचौक

शेवटचा मुद्दा पटला. बाकीच्यावर माझं मत राखून ठेवतो.

---

सीए_होणारच

मला डिसग्राफिया (लिहिण्यात अडथळा आणणारा विकार) आहे, मी वेगळ्या परीक्षेच्या तयारीत आहे. माझा अनुभव असा, की वरून मंजुरी मिळाली तरी केंद्रावरच्या माणसापर्यंत ती पोचलेली असेलच असं नाही. एका परीक्षेला माझ्या प्रवेशपत्रावर जादा वेळ छापलेला असूनही पर्यवेक्षकांनी सगळ्यांबरोबर पेपर ओढून घेतला. "आम्हाला असं काही कळवलेलं नाही." वाद घालायला मी त्या अवस्थेत नव्हतो.

नंतर कळलं, हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. अवनी प्रकाश प्रकरण, २३ नोव्हेंबर २०२१. त्या मुलीलाही डिसग्राफिया, 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला तिला भरपाईचा वेळ दिलाच नाही. न्यायालयाने चूक परीक्षा घेणाऱ्या संस्थेची ठरवली, केंद्रावरच्या लोकांना प्रशिक्षण द्या म्हणाले, झालेला अन्याय कसा भरून काढता येईल ते ठरवायला सांगितलं. पण परीक्षा पुन्हा घ्यायला सांगितली नाही. म्हणून माझं म्हणणं, भांडण परीक्षेच्या आधी करून घ्या. एकदा पेपर हातातून गेला की कोर्टही पूर्ण परत देऊ शकत नाही.

आदल्या दिवशी केंद्रावर जाऊन केंद्रप्रमुखांना मंजुरीचं पत्र दाखवा, त्याची एक प्रत त्यांच्याकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. खोली तळमजल्यावर आहे का तेही बघून या.

---

डावखुरी_नवी

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना धागा वाचायला दिला. ते काही बोलले नाहीत, पण आज स्वतःच म्हणाले, "ते मंडळ कोणत्या वारी बसतं ते विचारून येतो."

कळफलक, सॉफ्ट कॉपीचा पर्याय मी अर्जात टाकतेय. अर्जाचा मसुदा असा केलाय, कृपया दुरुस्त्या सुचवा :

"मी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २(एस) अन्वये दिव्यांग आहे. उजव्या हाताच्या मज्जातंतूंच्या इजेमुळे मला सलग लिहिता येत नाही, तसेच पुस्तक उघडे धरून त्याची पाने उलटता येत नाहीत. परीक्षेत बेअर ॲक्ट वापरण्याची मुभा इतर उमेदवारांप्रमाणे मलाही प्रत्यक्षात वापरता यावी यासाठी विनंती की : मला लेखनिक मिळावा, माझ्या सांगण्यावरून बेअर ॲक्टची पाने उलटण्याची व कलम वाचून दाखवण्याची लेखनिकास परवानगी असावी, किंवा पर्यायाने बेअर ॲक्टच्या सॉफ्ट कॉपीसह संगणक मिळावा, दर तासाला किमान २० मिनिटे याप्रमाणे भरपाईचा वेळ मिळावा, पुस्तके पसरून ठेवता येतील असे रुंद टेबल मिळावे. सोबत केंद्राच्या सध्या लागू असलेल्या नियमावलीतील नमुन्याप्रमाणे प्रमाणपत्र जोडले आहे."

---

जुनी_सनद

चांगला आहे. वकिलासारखा आहे, म्हणजे थोडा लांब आहे, पण असू दे. दुरुस्त्या :

लेखनिक आणि वेळ या दोन मागण्या स्वतंत्र क्रमांक देऊन लिही. "लेखनिक मिळाल्यास वेळ" असा अर्थ कुणी काढू नये. एक नाकारली तरी दुसरी उभी राहिली पाहिजे.

पान उलटण्याची परवानगी शब्दांत लिहिलीस ते उत्तम. लेखनिकाने फक्त लिहायचं, पुस्तकाला हात लावायचा नाही, असं केंद्रावर कोणी म्हणालं तर तुझ्या हातात उत्तर पाहिजे.

शेवटी एक ओळ घाल : "विनंती पूर्णतः वा अंशतः अमान्य झाल्यास कारणांसह लेखी कळवावे." फोनवरच्या "बघू" ला काही किंमत नाही. अर्ज भरताना दाखला जोड, शिवाय हेच पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठव. पावती प्रवेशपत्राइतकी सांभाळ. त्या वेळची परीक्षेची सूचनापत्रिका मात्र तारखेसकट नीट वाच, लेखनिकाचे नियम दर वेळी थोडे हलतात. इथलं कोणाचंही बोलणं, माझंही, तिच्यापेक्षा मोठं नाही.

नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर दिल्लीच्या मुख्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. ही केंद्रीय संस्था आहे, त्यामुळे पुण्याच्या राज्य आयुक्तांकडे गेलीस तर ते तिकडेच पाठवतील. वेळ थोडा असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका. आणि त्यासाठी आता मुंबई गाठायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सोलापूर जिल्हा त्यातच येतो. वकील फुकट हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चं कलम १२ बघ, दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य आहे. आपल्या जिल्हा न्यायालयातच त्यांचं कार्यालय आहे. तुझ्या मॅडमना ठाऊक असणारच, त्यांच्याशी बोललीस का?

---

डावखुरी_नवी

बोलले. त्या म्हणाल्या, "नकार आला तर पहिली केस तुझीच चालवू, तूच ड्राफ्ट करायचा."

---

टिळकचौक_वाला

मधेच विचारतो. माझा हात फ्रॅक्चर आहे, प्लास्टर महिनाभर राहणार, पुढच्या आठवड्यात परीक्षा. मलाही हे लागू का?

---

फिजिओ_आसरा

नाही. कायद्यात दीर्घकालीन कमतरता लागते, प्लास्टर तात्पुरतं. काही परीक्षा मंडळं अपघातग्रस्तांना स्वतंत्रपणे लेखनिक देतात, त्यासाठी सरकारी रुग्णालयाचं पत्र घेऊन आजच्या आज त्यांना लिहा. हात खाली लोंबकळत ठेवू नका.

---

शेंगाचटणी

ताई, सेंटर पुणे म्हणालात. लेखनिक सोलापूरहून नेणार की तिथंच बघणार? संस्थेनं लेखनिक दिला तर दोन दिवस आधी त्याला भेटू द्यावं असं २०१८ च्या नियमावलीत होतं. तुम्हीही तेच मागून बघा. पण ओळखीचा नेलेला बरा. हुतात्मा एक्सप्रेसनं आदल्या दिवशी सकाळी निघायचं, दुपारी केंद्र बघून यायचं. लेखनिकाचं तिकीट, जेवण, मुक्काम तुमच्याच अंगावर येतो, तेवढं धरून चाला. हा खर्च कोणत्याच नियमावलीत दिसत नाही बघा.

---

डावखुरी_नवी

माझी मामेबहीण यायला तयार आहे. बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे, दयानंदला. मराठी माध्यम, वाचन पक्कं. कालपासून तिला लाल-निळ्या कव्हरवर बसवलंय. नात्यातली चालेल ना? की बाहेरचीच हवी?

---

जुनी_सनद

पात्रतेच्या दृष्टीने चालेल, ती पदवीधर नाही आणि कायदा शिकत नाही, हे दोन्ही महत्त्वाचं. नात्याबद्दल त्या वेळच्या सूचनापत्रिकेत काही अट आहे का ते बघ आणि शंका असेल तर ईमेलमध्येच विचारून घे. तिच्या कॉलेजचं बोनाफाईड, बारावीचं गुणपत्रक, आधार आणि दोन फोटो काढून ठेव. लेखनिकाच्या हमीपत्रावर तिची आणि तुझी दोघींची सही लागते. तुझी सही आता डावी आहे ना, मग अर्जावर, हमीपत्रावर आणि हजेरीपटावर तीच कर. सनदेच्या अर्जावर उजव्या हाताची जुनी सही असेल तर ते आधी बदलून घे.

---

डावखुरी_नवी

सनदेच्या अर्जावर डावीच आहे. बँकेत मात्र अजून उजवी. उद्या जाते.